घरातली धूळ : यंत्र घ्यावे की ओले फडके?

नवरात्राआधी घर झाडून-पुसून लख्ख करावे आणि दसरा उलटतो न उलटतो तोच टीव्हीच्या पडद्यावर बोटाने नाव लिहिता येईल इतकी धूळ साचावी, हा अनुभव मुंबई-पुण्यातील घरांना नवा नाही. शेजारच्या सोसायटीचा पुनर्विकास सुरू असेल, तर तेवढीही वाट पाहावी लागत नाही. सकाळी पुसलेले टेबल संध्याकाळी पांढरे झालेले असते. त्यातच थंडीची चाहूल लागली, की हवा शुद्ध करणाऱ्या यंत्रांच्या, म्हणजेच 'एअर प्युरिफायर'च्या जाहिराती दिसू लागतात. घरात दम्याचे मूल असेल किंवा वृद्ध आई-वडील असतील, तर 'एकदा घेऊनच टाकू' असे वाटणे स्वाभाविक आहे. यंत्राची किंमत सहा-सात हजारांपासून चाळीस-पन्नास हजारांपर्यंत काहीही असू शकते. एवढे पैसे मोजूनही कपाटावरची धूळ जशीच्या तशी राहिली, की मग फसवणूक झाल्यासारखे वाटते.

वास्तविक यात बहुतेक वेळा फसवणुकीपेक्षा गफलत अधिक असते. डोळ्यांना दिसणारी धूळ आणि फुफ्फुसांत खोलवर जाणारी धूळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीचा बंदोबस्त यंत्राला जमत नाही आणि दुसरीचा ओल्या फडक्याला. आपल्या घरातला त्रास यांपैकी कोणत्या धुळीचा आहे, हे कळले तर यंत्र घ्यावे की घेऊ नये, या प्रश्नाचे उत्तर बरेचसे सोपे होते.

धूळ म्हणजे नेमके काय?

घरातील धूळ म्हणजे माणसाच्या त्वचेचा कोंडा, असे सर्रास सांगितले जाते. ते अर्धसत्य आहे. त्वचेच्या खपल्या त्यात असतातच; पण त्याबरोबर चपलांना चिकटून आलेली माती, खिडकीतून येणारी सिमेंटची भुकटी, वाहनांची काजळी, टायर आणि ब्रेक झिजून सुटलेले कण, कपडे-पडदे-गाद्यांचे तंतू, केस, पाळीव प्राण्यांचा कोंडा, फुलांचे परागकण, बुरशीचे बीजाणू, झुरळांचे अवशेष आणि स्वयंपाकाचा, उदबत्तीचा धूर असे कितीतरी घटक असतात. घर कोठे आहे, कितव्या मजल्यावर आहे आणि त्यात कोण राहते, यानुसार हे मिश्रण बदलते. रस्त्यालगतच्या घरात काजळी अधिक, तर मांजर पाळलेल्या घरात तिचा कोंडा अधिक.

या घटकांइतकाच महत्त्वाचा असतो तो त्यांचा आकार. तो मायक्रॉनमध्ये मोजतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. १० मायक्रॉन किंवा त्याहून लहान कणांना 'पीएम १०' आणि अडीच मायक्रॉन किंवा त्याहून लहान कणांना 'पीएम २.५' म्हणतात. मोठे कण बहुतांशी नाकात आणि घशातच अडकतात. शिंका, खाज, नाक वाहणे ही त्यांची देणगी. पीएम २.५ मात्र फुफ्फुसांतील वायुकोशांपर्यंत पोहोचतात, आणि त्यांतले अतिसूक्ष्म कण रक्तातही उतरू शकतात. म्हणूनच त्यांचा संबंध केवळ खोकल्याशी नव्हे, तर हृदयविकार आणि पक्षाघाताशीही जोडला जातो.

भारतात २००९ मध्ये ठरविलेल्या मानकांनुसार हवेतील पीएम २.५ चे प्रमाण चोवीस तासांच्या सरासरीत घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅम आणि वार्षिक सरासरीत ४० मायक्रोग्रॅम यापेक्षा अधिक असू नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये हीच मर्यादा अनुक्रमे १५ आणि ५ एवढी खाली आणली.

कण खाली बसायला किती वेळ लागतो?

यंत्राच्या उपयोगाचे सारे गणित या एका प्रश्नात आहे. दहा फूट उंचीच्या खोलीत छताजवळ एक कण सोडला, हवा अगदी स्तब्ध आहे आणि कणाची घनता पाण्याइतकी आहे असे मानले, तर १०० मायक्रॉनचा कण दहा-बारा सेकंदांत जमिनीवर येतो. १० मायक्रॉनच्या कणाला सुमारे पाव तास लागतो. अडीच मायक्रॉनच्या कणाला चार तासांहून अधिक वेळ लागतो, तर ०.३ मायक्रॉनचा कण आठवडाभर तरंगत राहू शकतो. खऱ्या घरात पंखा फिरत असतो, माणसे वावरत असतात. त्यामुळे लहान कण प्रत्यक्षात खाली बसतच नाहीत म्हटले तरी चालेल.

यंत्राला हवेत तरंगणारे कणच खेचता येतात. कपाटावर, पंख्याच्या पात्यांवर किंवा सोफ्यात बसलेल्या धुळीला ते हातही लावू शकत नाही. जाड कण यंत्रापर्यंत पोहोचण्याआधीच खाली बसलेले असतात. 'यंत्र लावले तरी धूळ साचतेच' या तक्रारीचे उत्तर हेच. यंत्र काम करीत असते, पण डोळ्यांना न दिसणाऱ्या धुळीवर.

गादीतले पाहुणे

धुळीची ॲलर्जी म्हणजे अनेकदा धुळीतील एका किड्याची ॲलर्जी असते. १९६४ मध्ये नेदरलँड्समधील लायडन येथील संशोधकांनी घरातील धुळीच्या ॲलर्जीचा संबंध एका सूक्ष्म अष्टपाद जीवाशी जोडून दाखविला. हा 'डस्ट माइट' जेमतेम पाव मिलिमीटर लांबीचा असतो. तो चावत नाही, रक्त शोषत नाही; आपल्या त्वचेच्या कोंड्यावर जगतो. त्याला पाणी प्यावे लागत नाही, कारण हवेतली आर्द्रताच तो शोषून घेतो. हवा कोरडी, म्हणजे सापेक्ष आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या खाली बराच काळ राहिली, तर तो तग धरू शकत नाही. मुंबई-कोकणात पावसाळ्यात ही आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्याही वर जाते, तेव्हा त्याची चंगळ असते.

त्रास होतो तो प्रामुख्याने त्याच्या विष्ठेतील प्रथिनांचा. हे कण साधारण १० ते ४० मायक्रॉनचे असतात. गादी झटकली, उशीवर डोके टेकले, की ते उडतात आणि काही मिनिटांत पुन्हा खाली बसतात. रात्रभर आपले नाक उशीला टेकलेले असते आणि यंत्र मात्र खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात. साहजिकच माइटच्या ॲलर्जीत केवळ यंत्राचा उपयोग मर्यादित राहतो. चादरी व अभ्रे आठवड्यातून एकदा ५५ ते ६० अंश सेल्सिअसच्या गरम पाण्यात धुणे, गादी-उशांना घट्ट विणीची चेनवाली खोळ घालणे आणि खोली कोरडी ठेवणे हे उपाय यंत्रापेक्षा स्वस्त आणि अधिक परिणामकारक आहेत. पावसाळा संपला, की गाद्या-गोधड्यांना गच्चीवर ऊन दाखविण्याची आपल्याकडची जुनी रीत याच कारणाने शहाणपणाची ठरते. उन्हाने माइट मरतात; मात्र त्यांची विष्ठा तशीच राहते. म्हणून ऊन दाखविल्यावर गादी घराबाहेरच नीट झटकावी आणि हे काम ॲलर्जी असलेल्या व्यक्तीला सांगू नये.

यंत्राच्या पोटात काय असते?

चांगल्या यंत्रात एक पंखा आणि 'हेपा' जातीची गाळणी एवढेच मुख्य भाग असतात. या गाळणीचा उगम दुसऱ्या महायुद्धकाळातील अमेरिकी अणुबॉम्ब प्रकल्पात, किरणोत्सर्गी कण अडविण्याच्या गरजेतून झाला. अमेरिकी व्याख्येनुसार तिने ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवायला हवेत. यावरून 'मग त्याहून लहान कण सुटतात का?' असा प्रश्न नेहमी विचारला जातो. तसे होत नाही. हेपा म्हणजे चहाची गाळणी नव्हे. ती काचेच्या किंवा कृत्रिम धाग्यांची दाट गुंतवळ असते. मोठे कण वेगामुळे धाग्यांवर जाऊन आदळतात. अतिसूक्ष्म कण हवेच्या रेणूंचे धक्के खात वेडेवाकडे फिरतात आणि त्यामुळेच धाग्यांना चिकटतात. या दोन्हींच्या मधला, ०.३ मायक्रॉनच्या आसपासचा कण पकडायला सर्वांत अवघड, म्हणून परीक्षा त्याच्यावर घेतली जाते. त्याहून लहान आणि मोठे, दोन्ही कण अधिक सहज अडकतात.

खरेदी करताना खोक्यावरचे शब्द मात्र नीट वाचावेत. 'हेपासारखा', 'हेपा टाइप' अशा शब्दांना काहीही अर्थ नाही. 'ट्रू हेपा' किंवा 'एच १३' असे स्पष्ट लिहिलेले असावे. वायू आणि वास यांवर हेपा चालत नाही; त्यासाठी सक्रिय कोळशाचा, म्हणजे 'ॲक्टिव्हेटेड कार्बन'चा थर लागतो. घरगुती यंत्रांत तो बहुधा पातळ असतो आणि लवकर भरून जातो. कार्बन मोनॉक्साइड तर ही यंत्रे काढूच शकत नाहीत. बंद न्हाणीघरातील गॅस गिझरच्या धोक्यावर हे यंत्र हा उपाय नव्हे.

खोली केवढी, यंत्र केवढे?

गाळणी कितीही चांगली असली, तरी तिच्यातून हवा किती जाते याला महत्त्व आहे. त्यासाठी 'क्लीन एअर डिलिव्हरी रेट' किंवा 'सीएडीआर' हा आकडा पाहावा. यंत्र तासाला किती घनमीटर स्वच्छ हवा देते, ते त्यावरून कळते. खोलीतील हवा तासाला साधारण पाच वेळा गाळली जावी, असा ढोबळ नियम धरता येईल.

उदाहरणार्थ, दहा बाय बाराची झोपण्याची खोली घ्या. उंची दहा फूट धरली, तर घनफळ १,२०० घनफूट, म्हणजे ३४ घनमीटर होते. तिची पाचपट १७०. म्हणजे या खोलीला किमान १७० सीएडीआरचे यंत्र हवे. अडीचशे चौरस फुटांचा दिवाणखाना असेल, तर हाच आकडा ३५० च्या पुढे जातो. येथे एक मेख आहे. खोक्यावरचा आकडा यंत्राच्या सर्वांत वरच्या वेगाचा असतो. त्या वेगात आवाज इतका होतो, की रात्री आपण ते 'स्लीप मोड'वर टाकतो आणि मग सीएडीआर निम्म्याहूनही खाली येतो. म्हणून गरजेपेक्षा मोठे यंत्र घेऊन ते मधल्या वेगावर चालविणे अधिक शहाणपणाचे. 'पाचशे चौरस फुटांसाठी पुरेसे' अशा दाव्यांत हवा तासाला किती वेळा गाळली जाईल हे सांगितलेले नसते, याचीही आठवण ठेवावी.

विजेचा खर्च फारसा नाही. ५० वॉटचे यंत्र रोज दहा तास चालले, तर महिन्याला १५ युनिट होतात. खरा खर्च गाळणी बदलण्याचा असतो. धुळीच्या शहरात ती कंपनीने सांगितलेल्या मुदतीआधीच भरते. म्हणून यंत्राची किंमत विचारण्याआधी त्याच्या गाळणीची किंमत विचारावी आणि ती आपल्या शहरात सहज मिळते की नाही, याचीही खात्री करून घ्यावी.

खिडकी उघडी की बंद?

खिडक्या उघड्या ठेवून यंत्र चालविणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी भरणे. साधा हिशेब करून पाहू. खिडक्या-दारे नीट बंद असतील, तर फटींतून खोलीतील अर्धी हवा तासाभरात बदलते असे धरा. तासाला पाच वेळा हवा गाळणारे यंत्र अशा खोलीत बाहेरून येणाऱ्या सूक्ष्म कणांचे प्रमाण बाहेरच्या साधारण एक-अकरांशापर्यंत खाली आणू शकते. खिडकी उघडून तासाला दहा वेळा हवा बदलू लागली, तर तेच यंत्र जेमतेम एक-तृतीयांश कण कमी करते. प्रत्यक्षात फटी आणि दारांची ये-जा यांमुळे आकडे बदलतात, पण मुद्दा बदलत नाही.

आपल्या घरांची रचना मात्र वारा खेळता राहावा अशी आहे. सरकत्या खिडक्यांच्या फटी, दारांखालच्या जागा, न्हाणीघरातील काचेच्या पट्ट्यांच्या झडपा यांतून हवा येत-जात राहते. म्हणून सारे घर शुद्ध करण्याचा हट्ट सोडून एकच खोली, शक्यतो झोपण्याची, निवडावी. दिवसातले सात-आठ तास आपण तेथे असतो आणि दार लावून घेणे तेथेच शक्य असते. दिवसातून एक-दोनदा, बाहेरची हवा त्यातल्या त्यात बरी असताना, खिडक्या उघडाव्यात. बंद खोलीत श्वासातून साठणारा कार्बन डायऑक्साइड यंत्र काढत नाही. दुसरा एक गैरसमज 'स्प्लिट एसी'चा. तो बाहेरची हवा आत घेत नाही आणि त्याची जाळी केवळ जाड धूळ अडविते. खिडकीच्या मच्छरजाळीची भोके तर साधारण मिलिमीटरभर, म्हणजे हजार मायक्रॉनची असतात. तिच्यातून पीएम २.५ सहज ये-जा करतात.

प्रयोग काय सांगतात?

शांघायमध्ये ३५ निरोगी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर झालेला एक प्रयोग २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या वसतिगृहाच्या खोल्यांत ४८ तास यंत्रे चालविली, तेव्हा पीएम २.५ चे प्रमाण ९६ वरून ४१ मायक्रोग्रॅमवर आले. रक्तदाबात किंचित, पण मोजता येण्याजोगी घट झाली. फुफ्फुसांच्या क्षमतेत मात्र लक्षणीय फरक दिसला नाही.

अमेरिकेत सात शहरांतील दम्याच्या ९३७ मुलांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात निम्म्या मुलांच्या घरी एकच उपाय केला नव्हता. गादी-उशांच्या खोळी, हेपा गाळणीचा व्हॅक्यूम क्लीनर, गरजेनुसार हवा शुद्ध करणारे यंत्र, झुरळांचा बंदोबस्त आणि कुटुंबाला शिक्षण असे सारे काही एकत्र केले होते. पहिल्या वर्षी दर दोन आठवड्यांत त्रासाचे दिवस या मुलांना सरासरी ३.३९, तर इतरांना ४.२० आले. म्हणजे वर्षाला सुमारे एकवीस दिवस वाचले. शाळेत जाणाऱ्या मुलाच्या आणि रात्र जागून काढणाऱ्या त्याच्या आईच्या दृष्टीने हे थोडे नाही. पण हे यश अनेक उपायांच्या जोडीचे होते, हे विसरून चालणार नाही.

दिल्लीत २०१५-१६ च्या हिवाळ्यात स्वस्त यंत्रांवर झालेल्या प्रयोगाचा निष्कर्ष अधिक बोलका आहे. यंत्रांमुळे घरातील कण बरेच कमी झाले. तरीही ती 'शुद्ध' केलेली हवा अनेकदा मध्यम प्रदूषणाच्या शहरांतील उघड्या हवेपेक्षाही वाईट होती. बाहेरचे प्रदूषण जितके वाढले, तितका यंत्राचा लाभ घटत गेला. यंत्र तात्पुरता आधार देते, सार्वजनिक उपायांची जागा घेऊ शकत नाही, असे संशोधकांनी स्पष्टपणे नमूद केले.

आपणच घरात करतो तो धूर

बाहेरच्या हवेला दोष देताना घरातल्या धुराकडे आपले दुर्लक्ष होते. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात डास पळविणारी एक कॉइल पूर्ण जळाल्यावर ७५ ते १३७ सिगारेटींइतके पीएम २.५ बाहेर पडल्याचे आढळले. उदबत्तीबाबतही असेच. जळणाऱ्या प्रत्येक ग्रॅममागे ती सुमारे ४५ मिलिग्रॅम कण सोडते, तर सिगारेट सुमारे १०. देवापुढे उदबत्ती लावू नये असे कोणी म्हणणार नाही. ती एकच असावी, खिडकीजवळ असावी आणि दम्याच्या रुग्णाच्या खोलीत नसावी, एवढे सहज जमण्यासारखे आहे. कॉइलऐवजी मच्छरदाणी वापरावी. फोडणी आणि तळण चालू असताना धूर बाहेर फेकणारा पंखा किंवा बाहेर पाइप काढलेली चिमणी सुरू ठेवावी. पाइप नसलेली चिमणी तेल अडविते, सूक्ष्म कण मात्र घरातच सोडते.

एका खोलीत कॉइल जाळायची आणि तिथेच यंत्र लावायचे, हा दुहेरी खर्च आहे.

आयन, ओझोन आणि मनी प्लँट

काही यंत्रे कणांना विद्युतभार देऊन खाली पाडतात किंवा ओझोन सोडून हवा 'ताजी' करण्याचा दावा करतात. ओझोन हा फुफ्फुसांना जाळणारा वायू आहे. दम्याच्या रुग्णाला तर तो घातकच. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने २००७ मध्ये नियम करून घरगुती यंत्रांतून निघणाऱ्या ओझोनवर अब्जात ५० भाग एवढी मर्यादा घातली आणि २०१० पासून तिची अंमलबजावणी केली. ज्या यंत्रात आयन सोडण्याची सोय असेल, ती बंद करता येते का हे पाहावे आणि येत असेल तर बंदच ठेवावी.

झाडांच्या बाबतीतही निराशाच पदरी येते. कुंडीतील झाडे हवा शुद्ध करतात ही समजूत 'नासा'च्या १९८९ मधील प्रयोगांवरून पसरली; पण ते प्रयोग छोट्या बंदिस्त पेटीत झाले होते. २०१९ मध्ये अशा अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा सामान्य घरातील हवेच्या नैसर्गिक ये-जा इतका परिणाम साधायला दर चौरस मीटरला १० ते १,००० कुंड्या लागतील असे दिसले. मनी प्लँट शोभेसाठी अवश्य लावावा.

केर कसा काढावा?

बसलेल्या धुळीवर उपाय एकच : ती न उडविता उचलणे. कोरड्या केरसुणीने बसलेले कण पुन्हा हवेत जातात. म्हणून काम वरून खाली करावे. आधी जळमटे, मग पंख्याची पाती, नंतर कपाटे आणि शेवटी फरशी. फडके ओलसर असावे; पिसांचा झटकणा धूळ केवळ जागा बदलायला लावतो. केर काढताना यंत्र वरच्या वेगावर ठेवले आणि नंतरही तासभर चालू दिले, तर उडालेले बारीक कण ते टिपते. साध्या व्हॅक्यूम क्लीनरच्या मागच्या बाजूने बारीक धूळ पुन्हा बाहेर पडते. घ्यायचाच तर हेपा गाळणीचा घ्यावा. दाराबाहेर आणि आत अशी दोन पायपुसणी ठेवावीत आणि चपला बाहेरच काढाव्यात, कारण घरात येणाऱ्या मातीचा मोठा वाटा पायांबरोबरच येतो.

दिवाळीआधी रंगकाम काढणाऱ्यांनी आणखी एक काळजी घ्यावी. जुन्या तेलरंगात शिसे असू शकते. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाखांत ९० भागांपेक्षा अधिक असू नये, हा नियम २०१६ मध्ये झाला आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीचे रंग भिंती-दारांवर अजूनही आहेत. ते कोरडे घासले, की शिशाची भुकटी घरभर पसरते आणि रांगणाऱ्या मुलांच्या बोटांवाटे पोटात जाते. मेंदूच्या वाढीवर होणारा तिचा परिणाम भरून निघत नाही. अशा भिंती आणि दारे पाणी मारूनच घासून घ्यावीत, लहान मुलांना त्या दिवसांत दुसरीकडे ठेवावे आणि नंतर फरशी दोन-तीनदा ओल्याने पुसावी.

दोन धुळी, दोन ऋतू

आपल्याकडे या दोन धुळींचे हंगामही वेगळे आहेत. जून ते सप्टेंबर पावसाने बाहेरची हवा धुऊन निघते. पण घरात ओल, बुरशी आणि माइट वाढतात. या काळात यंत्रापेक्षा कोरडेपणा, हवा खेळती ठेवणे आणि अंथरूण-पांघरूण स्वच्छ ठेवणे अधिक उपयोगी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उलटे होते. जमिनीलगतची हवा थंड होऊन साकळते, मुंबईत समुद्रावरून येणारे वारे मंदावतात, आणि सूक्ष्म कण शहरावर साचून राहतात. यंत्राचा खरा उपयोग याच चार महिन्यांत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 'समीर' ॲपवर आपल्या परिसरातील केंद्राचा निर्देशांक रोज पाहता येतो. तो पाहून खिडकी केव्हा उघडायची आणि यंत्र केव्हा लावायचे हे ठरविता येते.

मग घ्यावे की नाही?

- घरात दमा, 'सीओपीडी' किंवा हृदयविकाराचा रुग्ण, गर्भवती स्त्री किंवा तान्हे मूल असेल, घर मोठ्या रस्त्यालगत किंवा बांधकामाशेजारी असेल आणि एक खोली बंद ठेवणे शक्य असेल, तर पुरेशा सीएडीआरचे हेपा यंत्र घेणे सार्थ आहे. औषधे मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय कमी करू नयेत.
- त्रास सकाळी उठताना शिंकांचा असेल आणि पावसाळ्यात वाढत असेल, तर आधी गादी, उशी आणि ओल यांच्याकडे पाहावे. ॲलर्जीची चाचणी यंत्राच्या किमतीच्या तुलनेत स्वस्त पडते आणि नेमके उत्तर देते.
- केवळ कपाटावरची धूळ नकोशी असेल, तर यंत्र घेऊ नये. फडके, पायपुसणे आणि बंद कपाटे पुरेत.
- दिवसभर दारे-खिडक्या उघड्या ठेवण्याची सवय असेल, तरीही घेऊ नये.

शेवटी खिडकीबाहेरच्या धुळीचा प्रश्न उरतोच. मुंबई महापालिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये बांधकामांसाठी नियमावली जारी केली. भोवती पत्र्याचे उंच कुंपण, इमारतीला कापडी आच्छादन, पाण्याची फवारणी, राडारोडा झाकून नेणे अशा अटी तीत आहेत. त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने शहरातील हवेची स्वतःहून दखल घेतली. शेजारच्या बांधकामावर या अटी पाळल्या जात नसतील, तर सोसायटीच्या लेटरहेडवर, छायाचित्रांसह, विभाग कार्यालयाकडे लेखी तक्रार करता येते. ती एकट्याने करण्यापेक्षा आजूबाजूच्या चार सोसायट्यांनी मिळून करावी आणि पोच घ्यायला विसरू नये. यंत्र एका खोलीची हवा गाळते. या तक्रारीचा उपयोग झाला, तर ज्या घरांना यंत्र परवडत नाही, त्यांच्या खिडक्यांतूनही थोडी कमी धूळ आत येईल.